तालांव जुन्या घरी, मालक नव्या घरी

महामार्गावरच्या कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक वाचता येतो, सुकाणूवर कोण बसले आहे हे ओळखता येत नाही. त्या क्रमांकावरून संगणक ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीत शिरतो, तेथे जे नाव आणि जो पत्ता असेल तो उचलतो आणि अतिवेगाचा तालांव तयार होतो. एवढे काम काही क्षणांत उरकते. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. मडगावात भाड्याच्या सदनिकेत असताना गाडी घेतलेला गृहस्थ पुढे पर्वरीला स्वतःच्या घरात राहायला गेला आणि नोंदवहीत पत्ता जुनाच राहिला, तर नोटीस त्या सदनिकेच्या दारातच जाऊन थडकणार. तेथील नवा भाडेकरू ती परत करील किंवा वर्तमानपत्राच्या रद्दीत टाकील. मालकाला मात्र आपण काही गुन्हा केला आहे, याचा पत्ताही नसतो.

वाहतूक पोलीस रस्त्यात गाडी थांबवून हातात पावती ठेवत असे, तेव्हा हा प्रश्न उद्भवत नव्हता. हुज्जत होई, कधी विनवणी होई, पण दंड कोणाला आणि कशासाठी हे दोन्ही बाजूंना जागीच कळत असे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 136-अ हे कलम आले आणि इलेक्ट्रॉनिक साधनांनी वाहतुकीवर लक्ष ठेवण्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम घालून त्याची कार्यपद्धती ठरविण्यात आली. गोव्यात मेरशी जंक्शनवरच्या कॅमेऱ्यांनी 2023 पासून तालांव देण्यास आरंभ केला, तेव्हा ही पद्धत सर्वसामान्य दुचाकीस्वाराच्याही परिचयाची झाली. पोलीस रस्त्यावरून बाजूला झाला आणि त्याची जागा पत्त्याने घेतली. तो पत्ता खरा आहे की नाही, यावर आता सारी व्यवस्था उभी आहे.

पत्ता अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कायद्याने निःसंदिग्धपणे मालकावर टाकलेली आहे. कलम 49 नुसार राहण्याचे ठिकाण बदलल्यापासून 30 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. त्यासाठी नमुना 33 आहे. हे किती जण करतात? नवे घर घेतल्यावर वीजजोडणी आणि गॅस आठवणीने नावावर केले जातात, आधार कार्डावरचा पत्ता बदलला जातो, आणि सरकारदरबारी आपला पत्ता बदलला असे मानून माणूस निश्चिंत होतो. आधारवरचा बदल गाडीच्या नोंदणीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. चालक परवान्याची नोंद ‘सारथी’वर, गाडीची ‘वाहन’वर, एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी धरली जात नाही. त्यात आपल्या खेड्यांतील पत्ते म्हणजे वाड्याचे नाव, पंचायतीचा घर क्रमांक आणि ‘देवळाजवळ’ किंवा ‘कपेलाजवळ’ अशी खूण. पोस्टमनला माणूस ओळखीचा असतो म्हणून पत्र पोहोचते. तो पोस्टमन बदलला की बरोबर पत्त्यावरचे पत्रही वाट चुकते.

मालकाची चूक मान्य केली तरी सरकारची बाजू तपासावी लागतेच. नियम 167-अ सांगतो की गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांच्या आत नोटीस पाठविली पाहिजे. येथे ‘पाठविणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. पत्र टपालात पडले की खात्याचे कर्तव्य संपले, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावता येतो. सामान्य परिभाषा कायद्याचे कलम 27 याच धर्तीचे आहे: योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोहोचले असे समजले जाते. नोंदवहीतला पत्ता मालकानेच दिलेला असल्यामुळे तो ‘योग्य’ नव्हता असे म्हणणे त्याला जड जाते. पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्दही त्याच कलमात आहेत आणि ते शोभेसाठी घातलेले नाहीत.

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल हलक्या वाहनाला कलम 183 खाली 1000 ते 2000 रुपये दंड आहे. ही रक्कम अनेकांना झेपणारी आहे. खरी धास्ती वेगळीच आहे. हाच गुन्हा दुसऱ्यांदा घडला तर चालक परवाना जप्त करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पहिली नोटीस जुन्या घरी पडून राहिली, तर त्याच रस्त्यावरून रोज त्याच वेगाने कामावर जाणाऱ्याला सावध होण्याची संधीच मिळत नाही. परवान्यावर ज्याचे पोट आहे अशा टॅक्सीचालकाला किंवा माल पोहोचविणाऱ्या तरुणाला हा फरक फार महाग पडू शकतो. शिवाय थकलेले तालांव गाडी विकताना किंवा परराज्यात नेण्यासाठी ना हरकत दाखला मागताना समोर येतात आणि ग्राहक दारात उभा असताना काम अडते.

या बाबतीत इंग्लंडची पद्धत पाहण्यासारखी आहे, आणि स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांमुळे ती आपल्याला अगदीच परकी नाही. तेथेही कॅमेऱ्याने टिपलेल्या अतिवेगाची नोटीस नोंदणीकृत मालकाला 14 दिवसांच्या आत धाडावी लागते, आणि शेवटच्या ज्ञात पत्त्यावर धाडलेली नोटीस परत आली तरी ती बजावली गेली असे मानता येते. पत्ता न कळविणाऱ्याला 1000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी कोण चालवीत होते हे न सांगितल्यास परवान्यावर 6 गुण चढतात. म्हणजे मालकावरचा भार आपल्याहून कमी नाही. परंतु आपल्या अपरोक्ष खटला चालून दोषी ठरविले गेल्याचे ज्याला नंतर कळते, त्याला कळल्यापासून 21 दिवसांत शपथपूर्वक निवेदन करून तो निकाल रद्दबातल करून घेता येतो आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून चालते. मुदत नोटीस निघाल्यापासून नव्हे, माणसाला समजल्यापासून मोजली जाते. भारतीय न्यायव्यवस्थेलाही ही दृष्टी अपरिचित नाही. धनादेश न वटल्याच्या खटल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात म्हटले होते की, नोटीस मिळालीच नाही असे म्हणणाऱ्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरावी. वेगाच्या दंडालाही असाच न्याय लावण्यास हरकत काय असावी?

तालांव भ्रमणध्वनीवरही येतो, मग टपालाची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. तो येतो नोंदणीत असलेल्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक पुष्कळदा गाडी विकणाऱ्या शोरूममधील एखाद्या कर्मचाऱ्याचा किंवा एजंटाचा असतो. शिवाय वाहतूक दंडाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फसवे अॅप पाठवून बँक खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांनी खऱ्या संदेशावरचाही विश्वास उडविला आहे. त्यामुळे संदेशातील दुवा न उघडता परिवहन मंत्रालयाच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन, गाडीचा क्रमांक आणि चॅसीचे शेवटचे पाच अंक घालून पाहणे अधिक सुरक्षित. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. तेथे जुना तालांव सापडला तर तो लगेच भरून टाकण्याचा मोह होतो; पण भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. आधी छायाचित्रातली गाडी आपलीच आहे ना, ठिकाण आणि तारीख जुळते ना, हे पाहावे. क्रमांकातला एखादा अंक चुकीचा वाचला गेल्याने दुसऱ्याच्याच नावे दंड निघाल्याच्या तक्रारी देशभर होत असतात.

विकलेल्या गाडीची कथा याहून बिकट. कलम 2(30) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. आणि हाच अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात अपघात भरपाईच्या संदर्भात कायम केला. तेथे गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी दायित्व कागदावरच्या मालकावरच आले. स्टॅम्प पेपरवर सह्या करून जुनी गाडी देऊन मोकळे झालेल्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. गोव्यातील भाड्याच्या गाड्यांचे मालक तर या दुखण्याशी चांगलेच परिचित आहेत: पर्यटक विमानाने घरी पोहोचतो आणि त्याने केलेल्या वेगाची नोटीस कळंगुटला येते. भाडेकराराची प्रत आणि परवान्याची छायाप्रत जपून ठेवणारा मालक कलम 133 खाली चालकाचे नाव कळवू शकतो. न ठेवणारा गप्प दंड भरतो.

थकबाकी साचली की सरकारे सवलतीचा मार्ग धरतात. कर्नाटकाने 2023 च्या फेब्रुवारीत थकीत दंडावर 50 टक्के सूट दिली, तेव्हा लोकांनी रांगा लावून पैसे भरले आणि बेळगावच्या वाहनधारकांनाही तिचा लाभ खुला होता. तिजोरी भरली, पण वेळेवर दंड भरणाऱ्याने पूर्ण रक्कम दिली आणि टाळणाऱ्याने अर्धी, हा अन्याय राहिलाच. नोटीस न मिळालेला आणि मिळूनही दुर्लक्ष केलेला, असा भेदही त्या योजनेला करता येत नाही. तो भेद करण्याचे साधन टपाल खाते फुकट पुरवते: न पोहोचलेला लिफाफा कारणाची नोंद होऊन परत येतो. ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा पडलेली पाकिटे वेगळी काढून त्या गाड्यांच्या मालकांना विमा नूतनीकरणाच्या किंवा प्रदूषण तपासणीच्या वेळी पत्ता विचारता येईल. गाडी चालविणाऱ्याला अधूनमधून ही दोन्ही कामे करावीच लागतात.