मनोरुग्णांच्या सेवेतील परिचारिका : मुदत २०२८ ची

राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. कोल्हापूरच्या मनोरुग्णास तेथे दाखल करावयाचे झाल्यास नातेवाईक प्रायः आंबा घाट उतरून रत्नागिरीची वाट धरतात. उपचारांनंतर रुग्ण घरी परततो आणि खरी कसोटी तेथून सुरू होते. बरे वाटू लागताच गोळ्या बंद केल्या जातात व आजार पुन्हा उलटतो. हे वेळीच ओळखू शकेल अशी व्यक्ती म्हणजे गावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका. मात्र लसीकरण, प्रसूती व नोंदवह्या यांतून तिला सवड मिळत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांविना होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेस स्वतंत्र स्थान दिले. अंमलबजावणीपासून दहा वर्षांत मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असेही त्यात नमूद आहे. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे ही मुदत २०२८ मध्ये संपते. तोवर प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित परिचारिकेचे किमान एक पद निर्माण करून ते भरले जावे. अन्यथा बरा होऊन आलेला रुग्ण पुन्हा तोच घाट उतरत राहील.