ते मासे खात होते का?

एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवताना मिशनऱ्यांचा विषय निघतो, आणि विषय निघाला की मी वेंगुर्ल्याच्या गोहीन कुटुंबाचा उल्लेख हमखास करतो. डॉ. रॉबर्ट गोहीन हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे ग्रीक साहित्याचा अभ्यासक झाला, १९५७ ते १९७२ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता आणि १९७७ ते १९८० या काळात भारतातील अमेरिकेचा राजदूत. इतके सांगून झाले की मागल्या बाकावरून प्रश्न येतोच : “सर, ते मासे खात होते का?” वर्ग हसतो. पूर्वी मीही हसत असे. आता हसू येत नाही, कारण हा प्रश्न त्या विद्यार्थ्याचा नाही. तो आपण त्याला शिकवलेला आहे.

परकीय माणूस कोकणात येऊन राहिला की त्याच्याविषयीच्या आपल्या ललित लेखनाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, मग सोलकढीचा उतारा, मग बोटांनी काटे काढण्याचे कसब, आणि शेवटी ‘ते आमच्यातलेच होऊन गेले’ हे प्रमाणपत्र. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले पचले म्हणजे संस्कृती पचली, असे हे समीकरण. या समीकरणाला माझी हरकत आहे.

पहिली हरकत ‘स्थानिक अन्न’ या शब्दाला. स्थानिक म्हणजे कोणाचे? एकाच वेंगुर्ल्यात सारस्वतांच्या घरी मासे शिजतात आणि कऱ्हाड्यांच्या घरी वर्ज्य असतात. गाबितांच्या खळ्यातले जेवण वेगळे, ख्रिस्ती वाड्यातले वेगळे. ज्याला आज आपण ‘मालवणी जेवण’ म्हणून मिरवतो, त्या वडे-कोंबडीच्या आणि सुरमईच्या थाळीत उकड्या तांदळाची पेज कुठे आहे? पावसाळ्यात होड्या वर ओढल्यानंतर कष्टकऱ्यांची घरे पेजेवर आणि खाऱ्या बांगड्याच्या तुकड्यावर दिवस काढीत. ज्या परकीयाला आपण ‘आमचे अन्न’ खाऊ घातल्याचे सांगतो, त्याच्या पुढ्यात आपण ही पेज ठेवतो का? आणि त्या थाळीतले तरी सगळे इथले कुठे आहे? मिरची आणि काजू पोर्तुगिजांच्या जहाजांतून, म्हणजे बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्याच सोबतीने आले. आज सुधारित काजूच्या जातींना ‘वेंगुर्ला’ हेच नाव आहे! ज्याची कसोटी लावायची तेच अन्न कधी काळी परके होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर. स्थानिक अन्न स्वीकारणे हे आपोआप पुण्यकर्म ठरत नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मदुरेला आलेल्या रॉबर्टो दे नोबिली या जेझुइट धर्मोपदेशकाने मांसाहार सोडला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला आणि संन्याशाचा एकभुक्त आचार पत्करला. अन्नाच्या बाबतीत इतका ‘आमच्यातला’ झालेला दुसरा मिशनरी सहसा सापडणार नाही. पण त्या ताटाबरोबर त्याने पंक्तिभेदही स्वीकारला. खालच्या मानलेल्या जातींतील ख्रिस्ती माणसांच्या सोबत तो बसू शकत नव्हता. तेव्हा ताटात काय आहे यावर भाळण्यापूर्वी पंक्तीत कोण आहे हे पाहिले पाहिजे.

आणि येथेच आपला प्रश्न उलटा करावा लागतो. ते आमचे मासे खात होते का, हे आपण विचारतो. आम्ही त्यांच्या हातचे पाणी पीत होतो का, हे विचारीत नाही. त्या काळच्या अनेक मिशन रुग्णालयांच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक स्वतंत्र चुली मांडीत. डॉक्टरचे औषध चाले, त्याच्या घरचे अन्न चालत नसे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर केवढा गहजब झाला! उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या समाजात एका पेल्याची किंमत एवढी होती, त्याने पाहुण्याच्या जिभेची परीक्षा घ्यावी, हा मोठाच विनोद आहे.

मिशनऱ्याने सोलकढी चाखली तर त्याचे काही जात नव्हते. नाही रुचली तर पेला बाजूला ठेवण्याची मुभा त्याला होती. ही मुभा ज्यांना नव्हती त्यांची कथा आपल्या भाषेत आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले, आणि १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मधला त्या वर्षांचा भाग आपण विनोदासाठी वाचतो आणि विनोदासाठीच शिकवतो. वस्तुतः परक्या अन्नाशी जुळवून घेण्याची मराठीतली सर्वांत महागडी कहाणी ती आहे. त्या घासाची किंमत माहेर, नातीगोती आणि आयुष्यभराचा आचार अशा नाण्यांत मोजली गेली.

यावर कोणी म्हणेल की मी मिशनऱ्यांची वकिली करतो आहे. तसे नाही. बंगल्यातले टेबल आणि देशी ख्रिस्ती सेवकाची चूल यांतले अंतर मिशनमध्येही होते. खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, ती काही उगाच नव्हे. माझे म्हणणे एवढेच की अन्नाचा प्रसंग समोर आला की वाचकाने चवीपाशी थांबू नये. कोणी रांधले, कोण कोणासोबत बसले, नकार देण्याची मोकळीक कोणाला होती आणि खाल्ल्यानंतर कोणाचे काय गेले, हे चार प्रश्न विचारावेत. ते विचारले की स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली, आपल्या लेखनात नाव नसलेली माणसे दिसू लागतात.

पुढच्या वर्षी मागल्या बाकावरून तोच प्रश्न येईल. तेव्हा हसण्याऐवजी मी विचारणार आहे : “तुझ्या पणजोबांनी त्यांच्याकडचे पाणी प्यायले असते का रे?”