शाळा समितीने काय करावे, काय करू नये



मागच्या महिन्यात आमच्या वर्गात भागाकार चालला होता. तेवढ्यात शाळा समितीचे एक सदस्य चपला घालूनच आत आले. गुरुजींना म्हणाले, "आमच्या पोराला पुढं बसवा. आणि संमेलनातल्या नाटकात राजाचं काम त्यालाच द्या. मी समितीत हाय." सगळा वर्ग चिडीचूप झाला. राजाचे काम आम्ही सर्वांनी संवाद ऐकून दुसऱ्या मुलाला दिले होते. गुरुजी एवढेच म्हणाले, "आपण सुट्टीत बोलू." पण नंतर भागाकार कोणाच्याच डोक्यात शिरला नाही. त्या सदस्यांचा मुलगा तर मान खाली घालून बसला. त्याची यात काही चूक नाही. तो माझा मित्र आहे.

खरे सांगते, आधी मलाही वाटले की माझी आईपण समितीत आहे, मग मला राणीचे काम का नाही? घरी गेल्यावर मी विचारले, "आई, तू समितीत काय करतेस?" आई भाकरी थापत म्हणाली, "मी कुठं काय करते? वही येते, मी सही करते."

मग मी मोठ्या गुरुजींना विचारले. त्यांनी कपाटातून कायद्याचे पुस्तक काढले आणि समजावून सांगितले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. चार सदस्य असतील तर त्यांत निदान तीन मुलांचे आईबाप किंवा पालक पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. म्हणजे ही समिती पुढाऱ्यांची नाही, आपल्या आईबापांची आहे.

समितीची मोठी कामे तीन आहेत. शाळा नीट चालते का ते बघणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि शाळेला आलेले पैसे बरोबर खर्च होतात का ते बघणे. ही कामे लहान नाहीत. छप्पर गळते का, पोषण आहार रोज मिळतो का, कोणाचे मूल शाळा सोडून गुरांमागे जाते का, हे समितीने बघितलेच पाहिजे.

पण कोणी कुठे बसावे, कोणाला किती मार्क द्यावेत, नाटकात कोण असावे, हे समितीचे काम नाही. ते गुरुजींचे आणि वर्गाचे काम आहे. गुरुजींची नेमणूक आणि बदलीही जिल्हा परिषद करते. म्हणून "तुमची बदली करीन" अशी भीती कोणी घालू नये.

मला ताप आला की आई मला दवाखान्यात नेते. रांगेत उभी राहते, औषध मिळाले का बघते, डॉक्टरांना चार प्रश्नही विचारते. पण "पोरगी माझी आहे, सुई मीच टोचते" असे म्हणत नाही. शाळेचेही तसेच आहे.

मग गुरुजींना कोणी काही बोलूच नये का? तसे नाही. गुरुजी वेळेवर आले नाहीत तर विचारावे. मुलांना मारायला कलम १७ ने मनाई आहे. कोणी मारले तर जरूर विचारावे. पण ते सभेत विचारावे, चालू तासात नव्हे. आणि एक सदस्य म्हणजे समिती नव्हे. सगळे मिळून बसतात, बोलतात आणि वहीत लिहितात, तेव्हा तो समितीचा निर्णय होतो. एकट्याने वर्गात येऊन हुकूम सोडला तर तो फक्त एका बापाचा हट्ट आहे.

अजून एक गोष्ट. सभा सकाळी अकराला असते. तेव्हा आपल्या आया खुरपायला गेलेल्या असतात. मग वही घरी येते आणि न वाचता सही होते. जे आले नाहीत त्यांचा अधिकार जे आले ते वापरतात. म्हणून सभा संध्याकाळी घ्यावी, असे मला वाटते.

या वेळी मी आईला म्हटले, "तू जा, मी गुरं बांधते." आई गेली. तिने आधी वही वाचायला मागितली. मग मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ कधी होणार ते विचारले. तसे वहीत लिहिले गेले. घरी आल्यावर आई म्हणाली, "बोलताना हात कापत होते गं." पण ती हसत होती.

राणीचे काम मला मिळाले नाही. मी झाड झाले आहे. आणि राजाचे काम ज्याला वर्गाने दिले त्याच्याकडेच राहावे, असे माझे मत आहे. तो रोज ओढ्यावर पाठांतर करतो.

पालकांनो, शाळेत जरूर या. नळ बघा, भात खाऊन बघा, हिशेब विचारा. फक्त तास चालू असला तर दाराशी थोडे थांबा.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी