कचेरीला तोंड दिले, कान कोण देणार?

गोव्यात आपण भाषेसाठी जेवढे भांडलो, तेवढे दुसऱ्या कशासाठी क्वचितच भांडलो असू. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. देवनागरीतील कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा मिळाली. ती जागा पुरेशी की अपुरी, हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात मी मराठीच्याच बाजूचा आहे. पण या सगळ्या गदारोळात कचेरीने कोणत्या भाषेत बोलावे एवढेच आपण विचारत राहिलो. कचेरी ऐकते का, हे कुणी विचारलेच नाही.

एका सरकारी कचेरीत मी एक-चौदाच्या उताऱ्यावरील आडनावातले चुकलेले अक्षर दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो. टेबलावरचे गृहस्थ माझ्याशी अगदी स्वच्छ मराठीत बोलले. नजर मात्र मोबाईलवर. 'नाव' एवढा एकच शब्द त्यांच्या कानात शिरला आणि त्यांनी म्युटेशनचा अर्ज पुढे सरकवला. मला नवे नाव चढवायचे नव्हते, होते तेच नीट करायचे होते. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली आणि विचारले, "म्हणजे नांव सारकें, आडनांवांत चूक, न्हय?" काम मार्गी लागले. आता सांगा, माझ्या भाषेचा मान कुणी राखला? मराठी बोलणाऱ्याने, की कोंकणीतून ऐकणाऱ्या बाईंनी?

हल्ली जिकडे तिकडे 'कम्युनिकेशन स्किल'चे वर्ग भरतात. तिथे शिकवतात काय? फाडफाड इंग्रजी, हातवारे, टाय कसा बांधावा. म्हणजे पुन्हा तोंडाचीच मशागत! ऐकणे हा जणू स्वभावाचा गुण, असला तर असला. मला हे साफ नामंजूर आहे. ऐकणे हा कामाचाच भाग आहे आणि पगार त्याचाही मिळतो.

ज्या धंद्यांत चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे हे कधीच ओळखले गेले आहे. आपल्या गावच्या एखाद्या तारवट्याला विचारा. सुकाणूवरच्या माणसाला हुकूम मिळाला की तो आधी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग चाक फिरवतो. रेल्वेत दोन स्टेशन मास्तर फोनवरून गाडीला वाट देतात तेव्हा प्रायव्हेट नंबर सांगतात आणि तो नोंदवून ठेवतात. 'हो हो, समजले' तिथे चालत नाही.

नुसत्या 'ओके'ने काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी नसताना केएलएमचे विमान धावू लागले होते. वैमानिकांचे संदिग्ध वाक्य ऐकून टॉवरने 'ओके' म्हटले. 'थांबा' हा पुढचा शब्द रेडिओच्या खरखरीत बुडाला. धुके, घाई, अशी कारणे पुष्कळ होती, पण 'ओके' हे त्यांतलेच एक. त्यानंतर विमान वाहतुकीत शब्द घट्ट केले गेले आणि महत्त्वाची सूचना पूर्ण परत म्हणून दाखवण्यावर भर आला.

आणि आपल्या कचेऱ्यांत? व्हॉट्सॲपवर साहेबांचा निरोप येतो, पंधरा अंगठे वर होतात, काम एकाच्याही डोक्यात शिरलेले नसते. फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा पडतो. कशाबद्दल, हे खालचा विचारत नाही आणि वरचा सांगत नाही. मीटिंगमध्ये बोलणारा एक, बाकीचे मोबाईलात मान घालून.

यावर ठरलेले उत्तर असते: "गर्दी बघा, माणसे कमी आहेत, ऐकत बसायला वेळ कुठे?" अहो, गर्दी वाढते ती न ऐकल्यामुळेच! माझ्या दोन फुकट खेपा म्हणजे त्या रांगेत वाढलेली दोन माणसेच की. अर्ध्या मिनिटाची चौकशी वाचवून तुम्ही कोणाचा वेळ वाचवलात?

म्हणून माझी मागणी साधी आहे. माणूस समोर असताना मोबाईल टेबलाखाली जावा. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत एकदा परत सांगावे आणि 'बरोबर ना?' असे विचारूनच कागद द्यावा. यासाठी नवा कायदा नको, बजेट नको, समिती तर नकोच नको.

मराठीच्या फलकासाठी, मराठीच्या अर्जासाठी आपण जरूर झगडू. पण मराठी अर्ज न वाचताच बाजूला पडणार असेल, तर जिंकून आपण मिळवले काय? भाषा जेवढी बोलणाऱ्याची, तेवढीच ती ऐकून घेणाऱ्याचीही असते.