हिस्सा वाचला, पण कळला नाही

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या चुलतबहिणीबरोबर पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. चाचा जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला सह्या करायच्या होत्या. भावाने गाडी केली होती, सगळ्यांसाठी थंडा आणला होता. कारकुनाने विचारले, "राजीखुशीने सोडताय ना?" दोघी एका सुरात "हो" म्हणाल्या. फोटो निघाला, अंगठा उमटला, काम झाले.

परत येताना भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. ती मागे माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपल्यात मुलींना हिस्सा असतो का गं? की ते फक्त हिंदूंच्यात?"

मला एकदम तिचा लहानपणचा आवाज आठवला. आम्ही दोघी एकाच मकतबमध्ये जायचो. शाळा सुटली की डोक्यावर ओढणी घ्यायची, बगलेत जुजदान धरायचे आणि आपांच्या घरी पळायचे. कायदा संपला की सिपारा, सिपारे संपले की कुराण. आमच्यात सर्वांत शुद्ध वाचणारी तीच. नवव्या-दहाव्या वर्षी तिचे कुराण खतम झाले तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. म्हणजे सूरह निसा तिने त्याच वयात वाचली होती. निसा म्हणजे स्त्रिया. मुलीचा, आईचा, बायकोचा हिस्सा त्या सूरहमध्ये अपूर्णांकांत मोजून दिलेला आहे. तिने स्वतःचा हिस्सा स्वतःच्या तोंडाने, एकही उच्चार न चुकता, वाचला होता. आणि चाळिशीत ती मला विचारत होती, आपल्यात असतो का?

मैत्रिणींनो, हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

मकतबमध्ये काय शिकवतात

बाहेरच्यांची एक समजूत असते की मुसलमानांची मुले मदरशात शिकतात म्हणून मागे राहतात. सच्चर समितीने 2006 सालीच दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्केच मदरशात जातात. बाकीची शाळेत जातात, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तासभर मकतबमध्ये. आमच्या पनवेलमध्येही हेच आहे. मुली बारावी होतात, बी.कॉम. होतात, नवीन पनवेलला अंजुमन-इ-इस्लामच्या काळसेकर संकुलात इंजिनिअरिंग आणि फार्मसी शिकतात. पण धर्माचे त्यांचे शिक्षण वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी थांबते. आणि ते असते नाजरा, म्हणजे अक्षर पाहून वाचणे. नमाज, दुवा, पाकी-नापाकी, थोरांचा अदब हे सगळे शिकवतात. अर्थ शिकवत नाहीत.

यात आपांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक आपा स्वतः तशाच शिकलेल्या असतात आणि अगदी थोड्या पैशांत चाळीस पोरींना सांभाळतात. अडचण भाषेचीही आहे. आम्ही कोकणी मुसलमान घरात आमची कोकणी बोली बोलतो. शाळा मराठी, आताशा इंग्रजी. कुराण अरबीत. आणि धर्माची पुस्तके उर्दूत. उर्दू म्हणजे जणू इस्लामचीच भाषा, असे आमच्या मनात बसलेले. ज्या मुलीला उर्दू लिपी नीट येत नाही तिला तर्जुमा बंद. कुराणाची मराठी भाषांतरे छापलेली आहेत, विकत मिळतात, पण मकतबच्या चटईवर ती येत नाहीत. सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, 2017 साली अकरावे आमच्या पनवेलला झाले. मराठी ही आमचीच भाषा आहे हे तिथे ठणकावून सांगितले गेले. कवितेला जी भाषा चालते ती मुलीला तिचा हिस्सा सांगायला का चालू नये?

हिशेब साधा आहे

समजा बाप वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. जमीन सोळा गुंठे. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी फेडायचे. बायकोचा न दिलेला मेहेर हेही कर्जच, तोही आधी. मग उरलेल्याची वाटणी. सोळा गुंठे उरले असे धरले, तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे दोन गुंठे. राहिलेल्या चौदामध्ये मुलाला सात, प्रत्येक मुलीला साडेतीन. भाऊ खूश झाला तर देईल, असली ही बाब नाही. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, हा ठरलेला हिस्सा आहे. वाटणीचे नियम सांगून झाल्यावर त्याच सूरहमध्ये या हद्दी मोडणाऱ्याला शिक्षेचा इशारा आहे. जुम्म्याच्या बयानात मी दाढी, पडदा, टीव्ही, मोबाईल यांवर खूप ऐकले आहे. या इशाऱ्यावर एकदाही ऐकले नाही.

आणि जमीन पनवेलची आहे, हे विसरू नका. 1970 साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी ठरली. जानेवारी 1984 मध्ये जासई भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मग द्रुतगती महामार्ग, अटल सेतू, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन. ज्या खाजणात आमच्या आज्या भात लावायच्या, तिथे आता गुंठ्यांवर कुटुंबे तुटतात. जमिनीला मोल नव्हते तेव्हा बहिणींची आठवण कुणाला नव्हती. आता आठवण येते ती फक्त सहीसाठी.

शरियत कुठे आठवते, कुठे नाही

तलाकचा प्रश्न निघाला की शरियत खतऱ्यात येते. 1985 साली शाहबानोला पोटगी मिळाली तेव्हा मोर्चे निघाले, 1986 साली कायदा बदलला गेला. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. त्या सात जणींनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व थांबवा अशी मागणी केली होती. सुप्रीम कोर्टाने एका दमातला तिहेरी तलाक बाद केला तो 22 ऑगस्ट 2017 ला. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली.

आता वाटणी पाहा. 1847 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन बायकांनी दावा केला: आम्ही मुसलमान, आम्हाला कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा द्या. समाजातल्या पुरुषांनी उत्तर दिले, आमच्यात मुलींना न देण्याची रूढी आहे. न्यायाधीश अर्स्किन पेरींनी रूढी मान्य केली. बायका हरल्या. म्हणजे आपल्याच मुंबईत बायका कुराण घेऊन उभ्या होत्या आणि पुरुष रूढी घेऊन.

1937 साली शरियत कायदा आला. त्याचा उद्देश सांगतानाच म्हटले होते की रूढीने मुस्लिम बायकांची फार वाईट स्थिती केली आहे आणि बायकांच्या संघटनांचीच ही मागणी आहे. पण त्या कायद्याने शेतजमीन वगळली. शेतजमीन तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होती, हे कारण खरे आहे. मद्रासने 1949 साली दुरुस्ती करून ती आत घेतली. तेव्हा इच्छा असेल तिथे वाट सापडते. लग्न आणि तलाकाच्या बाबतीत शरियतला हात लावू नका म्हणून आमचे पुढारी रस्त्यावर आले. मुलीच्या जमिनीसाठी कुणी मोर्चा काढलेला मला माहीत नाही.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द

हे वाचून काही मैत्रिणी म्हणतील, बघा, यांच्यात किती वाईट! तसे नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात आमच्या पुढच्या रांगेत दोन हिंदू बहिणी तसल्याच हक्कसोडपत्रावर सही करत होत्या. त्यांचा भाऊही थंडा घेऊन आला होता. "माहेर तुटेल" ही भीती आम्हा सगळ्यांची एकच. "लग्नात दिले की" हे उत्तरही एकच. मुस्लिम बाई म्हणजे तलाक आणि बुरखा, एवढेच चित्र आपल्या शिबिरांत रंगवले जाते. तलाकशुदा बाईला डोक्यावर छप्पर नसते, कारण बापाच्या घरातला तिचा हिस्सा आधीच सोडवून घेतलेला असतो. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

दुसरीकडून विचारले जाते, अर्ध्या हिश्शासाठी कशाला भांडता? समान मागा. मला समानच हवे आहे, हे स्पष्ट सांगते. साडेतीनाला मी न्याय म्हणणार नाही. त्या काळी पुरुषावर घरखर्चाची जबाबदारी होती म्हणून त्याला दुप्पट, असे सांगतात. आज पनवेल स्टेशनवर सकाळी सातच्या लोकलला उभ्या असलेल्या आमच्या पोरी बघा, घर कोण चालवते ते कळेल. ज्यांना समान द्यायचे आहे त्यांना वाटा आहेत. बाप हयातीत हिबा करून मुलींना बरोबरीने देऊ शकतो. केरळात कासरगोडच्या सी. शुक्कूर या वकिलांनी 8 मार्च 2023 ला स्वतःच्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले. त्यांना तीन मुलीच. मुलगा नसल्याने वैयक्तिक कायद्याप्रमाणे मालमत्तेचा एक भाग त्यांच्या भावांकडे गेला असता. आता तो भाग भावांकडे जाणार नाही. पण जिच्या हातात आज शून्य आहे तिला साडेतीन गुंठे म्हणजे पाय टेकायला जागा. आधी तिला कळू तरी द्या की ते आहेत.

काही जणी विचारतात, धर्मग्रंथातून हक्क शोधायचे की धर्म बाजूला ठेवून? दलवाईंनी दुसरी वाट धरली, आणि ती धरायला छाती लागते. 2007 पासून भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कुराण हातात घेऊन बोलतात. 2016 साली हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांसाठी दार उघडले ते त्यांनी कोर्टात लढून, संविधानाच्या आधारे. मला या दोन वाटांत भांडण दिसत नाही. माझी चुलतबहीण संविधान वाचणार नाही कदाचित, पण कुराण ती रोज उघडते. जे पुस्तक ती रोज उघडते तिथे तिला काय दिले आहे, ते तिला कळण्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

काय करता येईल

मकतबमध्ये आठवड्यातून एक दिवस अर्थाचा असावा, मराठीत. वारसा, मेहेर, खुला, निकाहनाम्याच्या अटी हे विषय थोरल्या मुलींसाठी असावेत. जमातच्या कमिटीत बायका असाव्यात. आपल्या सल्ला केंद्रांनी तलाकची केस आली की "बापाची जमीन कुठे आहे?" हा प्रश्न फॉर्ममध्ये घालावा. वारस नोंद झाली की सातबारावर बहिणींची नावे लागली का ते पाहावे. हक्कसोडपत्र घरी आणून, वाचून, आठ दिवस थांबूनच सही करावी, नोंदणी झाल्यावर ते फिरवणे फार कठीण. बाप जिवंत असताना "पुढे हक्क मागणार नाही" असे लिहून घेतले असेल तर घाबरू नये. न मिळालेला वारसा सोडता येत नाही, हे मुस्लिम कायद्याचे तत्त्व आहे. मात्र त्या बदल्यात पैसे घेतले असतील तर कोर्ट तिला अडवू शकते, म्हणून वकिलाला सगळे खरे सांगावे.

आता माझे सांगते. चुलतबहिणीला मी गाडीत उत्तर दिले नाही, त्याचे कारण लाज. अब्बा गेले तेव्हा मीही सही केली आहे. तेव्हा मी केंद्रात काम करत होते, इतर बायकांना हक्क समजावत होते. भाऊ चांगला आहे, आजारपणात धावून येतो, मग कशाला, असे मनाला समजावले. आता वाटते, चांगल्या भावालाच तर विचारता यायला हवे होते.

त्या रात्री मी तिला फोन केला आणि सोळा गुंठ्यांचा हिशेब सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या पोरीचे कुराण पुढच्या महिन्यात खतम होतेय. तिला सांगशील हे?" मी गेले. मिठाई खाल्ली, पोरीला जवळ घेतले आणि सूरह निसाची ती आयत तिच्याकडून वाचून घेतली. आईसारखाच स्वच्छ आवाज. मग मराठीत अर्थ सांगितला. तिने बोटांवर मोजले आणि विचारले, "मग मामूंनी अम्मीचा का घेतला?"

खोलीत मामू बसले होते. कुणी बोलले नाही. मी घरी येऊन माझ्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, ईदनंतर बघू. ती ईद झाली. मी पुन्हा फोन करणार आहे.