यमुनेच्या दोन काठांवरचा कर

दिल्लीतील ओखला औद्योगिक वसाहत आणि उत्तर प्रदेशातील नोएडा यांच्यामध्ये यमुनेचे पात्र आणि एक पूल एवढेच अंतर आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांची जुळणी करणारा एखादा छोटा कारखाना या काठावर असतो, तर त्याचा ग्राहक पलीकडच्या काठावर. फरिदाबाद आणि गुरुग्राम म्हणजे हरियाणाही तितकेच जवळ. माल टेम्पोने जातो, कारागीर मेट्रोने जातात. बाजारपेठ एकच आहे. करकायद्याच्या दृष्टीने मात्र हा सारा आंतरराज्य व्यापार ठरतो आणि लहान उद्योजकाच्या अडचणींचा उगम येथेच आहे.

विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर म्हणजेच 'व्हॅट' आणणारे हरियाणा हे देशातील पहिले राज्य. तेथे ही पद्धत १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. दिल्लीने ती १ एप्रिल २००५ पासून स्वीकारली, तर उत्तर प्रदेशाने थेट १ जानेवारी २००८ पासून. शेजारच्या तीन राज्यांत पावणेपाच वर्षांचे हे अंतर पडले. शिवाय व्हॅटची वजावट राज्याच्या सीमेपाशी संपत असे. सीमेपलीकडच्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे आणि खरेदीदाराला त्याची वजावट मिळत नसे. हा कर ४ टक्क्यांवरून २००७ मध्ये ३ आणि जून २००८ पासून २ टक्क्यांवर आला खरा. पण जेथे नफाच पाच-सहा टक्के, तेथे दोन टक्केही जड होतात. त्यातच 'सी' फॉर्म मिळवण्यासाठी ग्राहकाकडे घालाव्या लागणाऱ्या खेपा! मोठ्या कंपन्यांनी शेजारच्या राज्यात डेपो उघडून मार्ग काढला. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याला ते कोठून परवडणार?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा अडसर दूर झाला. ओखल्यात भरलेल्या कराची पूर्ण वजावट आता नोएडातील खरेदीदारास मिळते. या सुधारणेचे हे यश निर्विवाद आहे आणि टीकाकारांनीही ते मान्य करावयास हवे.

तथापि, जुन्या व्यवस्थेतील एक आधार याच वेळी गेला. लघुउद्योगांना वार्षिक दीड कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत उत्पादन शुल्कातून सूट होती. नव्या करात नोंदणीची मर्यादा प्रथम २० लाख आणि १ एप्रिल २०१९ पासून वस्तूंसाठी ४० लाख झाली. परंतु वस्तूंची आंतरराज्य विक्री करणाऱ्यास या मर्यादेचा लाभ सर्वसाधारणपणे मिळत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला एक टक्का कर भरून मोकळे करणारी 'कंपोझिशन' योजना आहे, पण तिच्यातही राज्याबाहेर विक्री करण्यास मनाई आहे. दिल्लीतील व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्याने ही योजना घेतली, तर गाझियाबादचा दुकानदार त्याच्या हातून जातो. पुण्यात भोसरीच्या उद्योजकाचे ग्राहक बहुधा चाकण-पिंपरीतच असल्याने त्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील फाउंड्री व्यावसायिकांना मात्र तो समजावून सांगावा लागणार नाही.

सुटे भाग पुरवणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांच्या ग्राहकांना वजावट हवी असल्याने त्यांना पूर्ण करप्रणालीतच राहावे लागते. त्यांचा प्रश्न आहे रोख रकमेचा. समजा, एका कारखान्याची महिन्याची विक्री १० लाख आणि कच्च्या मालाची खरेदी ६ लाख रुपये आहे. १८ टक्के दराने विक्रीवरील कर १ लाख ८० हजार होतो. खरेदीवरील १ लाख ८ हजार वजा जाता ७२ हजार रुपये पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत रोखीने भरावे लागतात. ग्राहक पैसे देतो ९० दिवसांनी. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचा कर, सुमारे सव्वा ते दीड लाख रुपये, उद्योजकाच्या खेळत्या भांडवलातून सतत अडकून राहतो. दिल्लीत कुशल कामगाराचे किमान वेतन २०२४ मध्ये दरमहा २१ हजारांवर गेले. अडकलेली रक्कम म्हणजे एका कारागिराचा सहा महिन्यांचा पगार! आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला पहिली नोकरी देणारे कारखाने बहुतेक हेच असतात. अशा ठिकाणी कामगारकपात होत नाही. रिकामी झालेली जागा भरलीच जात नाही, एवढेच. ते कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

यावर कायदे नाहीत असे नव्हे. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे न देणाऱ्या ग्राहकाला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी दाखवता येत नाही. हा उपाय आधीच्या उपदेशांपेक्षा अधिक टोचणारा आहे. मात्र त्यासाठी पुरवठादाराची 'उद्यम' नोंदणी हवी. ती अजून न केलेल्यांनी आता विलंब करू नये.

राज्यांच्या धोरणांबद्दलही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अनेक राज्यांच्या उद्योगधोरणांत निव्वळ राज्य जीएसटीचा परतावा ही मुख्य सवलत असते. आंतरराज्य विक्रीवरील कराचा राज्याचा वाटा मात्र माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. साहजिकच, ज्याचे ग्राहक पुलापलीकडे आहेत त्याच्या वाट्याला हा परतावा फारसा येत नाही, मग त्याने कितीही माणसे कामावर ठेवलेली असोत. हा परतावा कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वर्गणीशी जोडणे अधिक न्याय्य ठरेल. सक्तीने रोजगार मिळत नाही, हे हरियाणाने अनुभवले आहे. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण देणारा तेथील कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

राहिला आंतरराज्य विक्रीचा मुद्दा. सेवा पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांना ऑक्टोबर २०१७ मध्ये २० लाखांपर्यंत नोंदणीविना राज्याबाहेर काम करण्याची मोकळीक मिळाली. वस्तू बनवणाऱ्यांना ती नाकारण्यामागे करचुकवेगिरीची भीती आहे आणि ती निराधार नाही. परंतु राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरील मालाला २०१८ पासून ई-वे बिल लागते. टेम्पो पुलावर येण्यापूर्वीच त्याची नोंद संगणकावर झालेली असते. निदान छोट्या उत्पादकांना ठरावीक रकमेपर्यंत तरी ही मुभा देण्याचा प्रस्ताव दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी जीएसटी परिषदेपुढे एकत्रितपणे मांडावयास हवा.