आधी तारीख ठरवा, मग रंग द्या

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती घडवणाऱ्यांत 1/35 हे प्रमाण चांगलेच रुळले आहे. त्यात पूर्ण उंचीचा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. या छंदात दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सैनिक उदंड दिसतो, पण 1919 ते 1935 या काळातला क्वचितच. दिसला तरी त्याला महायुद्धातल्या सैनिकाची पहिली आवृत्ती समजून रंगवले जाते. ही चूक रंगापुरती नाही. त्या सोळा वर्षांत जर्मनीत एक प्रजासत्ताक उभे राहिले, डळमळले आणि मोडून पडले. त्याची नोंद सैनिकाच्या टोपीवर, हेल्मेटवर आणि छातीवर होत गेली. म्हणून अशा प्रतिकृतीचा अभ्यास ‘दोन युद्धांच्या मधला काळ’ एवढ्यावर थांबता कामा नये. कोणत्या वर्षाचा, शक्य तर कोणत्या महिन्याचा सैनिक घडवायचा, हे ठरल्याशिवाय ब्रश उचलू नये.

बदलांचा क्रमच पाहा. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सेनेवर एक लाख माणसांची आणि चार हजार अधिकाऱ्यांची मर्यादा घातली. 1919 मध्ये नव्या सेनेने जुन्या खांदेपट्ट्या काढून हुद्दा बाहीवरच्या पट्ट्यांनी दाखवायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही आणि थोड्याच काळात खांदेपट्ट्या परतल्या. साम्राज्य गेले तरी सेनेचे मन कुठे गुंतले होते, हे त्यातून कळते. पुढे टोपीवर प्रजासत्ताकाचा गरुड आला आणि हेल्मेटवर प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी अशा घटक राज्यांच्या रंगांची ढाल. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, मार्च 1933 मध्ये, राज्यांच्या ढाली गेल्या आणि साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल रंग परत आले. फेब्रुवारी 1934 मध्ये संरक्षणमंत्री ब्लोमबर्ग यांच्या आदेशाने स्वस्तिकधारी गरुड टोपीवर आणि उजव्या छातीवर चढला. त्याच महिन्यात त्यांनी ‘आर्य’ नसलेल्या सैनिकांना, आघाडीवर लढलेल्यांचा अपवाद करून, सेनेतून काढण्याचा हुकूम दिला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग तेव्हा हयात होते आणि सैनिकांनी घेतलेली हिटलरच्या नावाची शपथ अजून सहा महिने दूर होती. सेनेने शपथेआधीच चिन्ह पत्करले होते, हे छातीवरचा तो गरुड सांगतो.

गणवेशाचा हा पुरावा जुन्या छायाचित्रांतून वाचायला सोपा नाही. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसत नसे. त्यामुळे तोफखान्याच्या गणवेशाची लाल किनार छायाचित्रात काळी भासते आणि इंजिनिअर दलाच्या खऱ्या काळ्या किनारीशी तिची गल्लत होते. निळा रंग उलट फिका पडतो, म्हणून बव्हेरियाच्या ढालीवरचे निळे चौकोन पांढऱ्यात विरून जातात. चिन्हेही फसवतात. मार्च 1920 मध्ये प्रजासत्ताक उलथवू पाहणाऱ्या काप बंडात बर्लिनमध्ये घुसलेल्या एरहार्ट ब्रिगेड या निमलष्करी दलाच्या हेल्मेटवर स्वस्तिक रंगवलेले होते. ते पाहून छायाचित्र 1933 नंतरचे ठरवणारा तेरा वर्षांनी चुकेल. टोपीवर कवटी दिसली की सैनिक नाझींच्या एसएस दलाचा, असेही म्हणता येत नाही. जुन्या हुसार घोडदळाची परंपरा सांगणारी रेजिमेंटही कवटी लावत असे. तेव्हा छायाचित्र, लेखी आदेश आणि टिकून राहिलेला खरा कपडा या तिन्हींचा ताळा जुळल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे.

यावर कुणी म्हणेल की, मिलिमीटरभराची ढाल पाहणार कोण? शिवाय आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी सेना नवे कपडे घालत नाही. दुसरा मुद्दा अगदी खरा आहे. 1935 चे नवे हेल्मेट आल्यावरही जुनी हेल्मेट वर्षानुवर्षे वापरात होती. पण यातून तारखेचे महत्त्व कमी होत नाही, वाढतेच. जुने हेल्मेट नव्या गणवेशासोबत चालते. मात्र 1932 च्या सैनिकाच्या छातीवर स्वस्तिक कोणत्याही सबबीवर चालत नाही. जुनी वस्तू मागे रेंगाळू शकते, न जन्मलेली वस्तू वापरात येऊ शकत नाही. आणि आकार लहान असला, तरी पाहणारा प्रतिकृतीला सत्य समजूनच पाहतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. नाझी सेनेच्या बटणांचा इतका बारीक अभ्यास म्हणजे तिचे कौतुकच नाही का? कौतुकापोटी हा छंद जोपासणारे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मन कायद्याने अशा चिन्हांच्या सार्वजनिक वापरावर बंदी घालताना कला, संशोधन आणि शिक्षण यांना सूट ठेवली आहे, ती विचारपूर्वकच. पण यावर उपाय म्हणून 1936 चा गणवेश रंगवून चिन्ह तेवढे वगळले, तर एक ‘स्वच्छ’ सैनिक तयार होतो. सेना वेगळी आणि नाझी वेगळे, या युद्धानंतर जोपासलेल्या भ्रमाला तो हातभार लावतो. हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने 1995 मध्ये या सेनेच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरवून हाच भ्रम मोडायला घेतला. पण काही छायाचित्रांची ओळख चुकलेली निघाली आणि 1999 मध्ये प्रदर्शन मागे घ्यावे लागले. तज्ज्ञांनी मूळ निष्कर्ष योग्य ठरवले, आणि 2001 मध्ये प्रदर्शन नव्याने उभे राहिले. तरी मधल्या काळात नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालेच. सत्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला तपशिलात ढिलाई परवडत नाही.

स्वस्तिक रंगवायचे नसेल, तर 1928 चा सैनिक निवडावा. तो तितकाच खरा आहे. 1936 चा निवडला, तर त्याच्या छातीवर जे होते ते दाखवावे. दोन्ही वेळा तळाच्या पाटीवर वर्ष आणि रेजिमेंट लिहावी. ‘जर्मन सैनिक, दोन युद्धांच्या मधला काळ’ एवढ्याने भागत नाही. लोकशाहीची सेना हुकूमशाहीची सेना होताना एकेक खूण बदलत गेली, आणि ती केव्हा बदलली हे सांगितले तरच ती कुणी बदलली, कुणी मुकाट्याने स्वीकारली, हे विचारता येते.